‘घरकाम करते का?’

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंना घेऊन आम्ही दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला शहरात गेलो होतो. ताईंचं नाव सांगत नाही. नऊ वर्षांपासून त्यांना मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. कानात आवाज येतात, झोप उडते, मग महिना-महिना हातून काही होत नाही. डॉक्टरांनी सोबतच्या सासूबाईंना विचारलं, ‘घरकाम करते का?’ सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘करते की! सगळं करते.’ बिचारीनं घराची अब्रू राखली, आणि ताईंचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या खाली आलं.

परतीच्या एसटीत आम्ही एकमेकींना विचारत होतो, हा प्रश्न तिथं आला कुठून? बाईच्या घरकामाला ‘काम’ म्हणायला सरकारी कागद कधी शिकला? माहिती काढत गेलो तर गोष्ट बरीच मागं गेली.

इंग्रजांनी १९१२ साली एक कायदा केला. त्याचं नावच ‘वेड्यांचा कायदा’. अशा माणसाला कुणाच्या हुकमानं आणि कुठं डांबायचं, त्याच्या जमीनजुमल्याचं काय करायचं, हाच त्याचा विषय. घरी राहून जगणाऱ्या आजारी बाईला आधार द्यावा, हा विचारच त्यात नव्हता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही चार मोठी मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळापासूनची, त्यातलं एकही आपल्या बाजूला नाही. मग आपल्याकडं लोक जायचे कुठं? देवऋषी, भगत, दर्गा, अंगारा. अजूनही आधी तिथंच जातात, उगाच नाकारायचं कशाला? स्वातंत्र्य मिळालं तरी तो कायदा चालूच राहिला. नवा कायदा १९८७ मध्ये झाला, आणि तो लागू व्हायला १९९३ उजाडलं.

अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकार होते, आणि सातवा होता मनाचा आजार. मतिमंदत्व त्यात वेगळं मोजलं होतं. हा फरक आपल्या गावात आजही कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मतिमंदत्व लहानपणापासूनचं असतं. मनाचा आजार चांगल्या हसत्या-खेळत्या बाईला पंचविशीतही गाठतो. कायद्यानं नाव तर घेतलं, पण नोकरीतल्या तीन टक्के राखीव जागांत या आजाराला वाटा ठेवला नाही. आणि पाय किती वाकडा ते मोजता येतं, मन कसं मोजायचं?

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी गावात पहाटे आग लागली. दर्ग्याजवळच्या झोपड्यांत मनाचे आजार असलेली माणसं साखळदंडानं बांधून ठेवलेली होती. त्यांना पळताच आलं नाही. पंचवीसहून जास्त माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, देशभर चर्चा झाली.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, केंद्र सरकारनं मोजपट्टी जाहीर केली. ती देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं तयार केली होती. तिच्यात चार गोष्टी बघतात. पहिली, स्वतःची निगा: अंघोळ, जेवण, कपडे. दुसरी, माणसांशी वागणं. तिसरी, बोलणं आणि समजणं. चौथी, काम. आणि कामात नोकरी, शिक्षण यांच्या बरोबरीनं घरकाम धरलेलं आहे! सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, रेशनकार्डावर जिच्यापुढं ‘गृहिणी’ एवढंच लिहितात, तिची भाकरी, झाडलोट, पाणी भरणं इथं कामात मोजतात. आम्हाला हे कळलं तेव्हा खरंच नवल वाटलं.

प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार गुण. जितकी अडचण जास्त, तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा, त्याचे आणखी गुण. सगळे मिळून वीस. सात झाले की चाळीस टक्के, आणि बहुतेक सवलतींचं दार चाळिसाला उघडतं. आमच्या ताईंना वर्षांचे गुण मिळाले होते. कामाला शून्य. एका गुणानं राहिलं.

२०१६ च्या नव्या कायद्यानं प्रकार एकवीस केले आणि नोकरीच्या राखीव जागांतही मनाच्या आजाराला वाटा दिला. मोजपट्टी राहिली. २०२१ पासून प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन झाला. संजय गांधी निराधार योजना तर १९८० ची. तिच्यात दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार आहे, आणि २०२५ मध्ये त्यांची रक्कम महिन्याला २५०० रुपये झाली. एका बाईच्या गोळ्या आणि तपासणीला जायचं एसटीचं भाडं त्यातून सुटतं.

तरी घरचे का लपवतात? २०११ च्या जनगणनेत मनाच्या आजारामुळं दिव्यांग झालेली माणसं अख्ख्या देशात सव्वासात लाखांच्या आसपासच नोंदली गेली. दारात आलेल्या मास्तरांना कोण सांगणार? मोठी भीती सोडचिठ्ठीची. कागद झाला की नवरा कोर्टात जाईल, असं बाया आम्हाला कानात सांगतात. भीती खोटी नाही, हिंदू विवाह कायद्यात तसं कारण आहेच. पण नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच सांगून ठेवलंय. हे आम्ही आता प्रत्येक बैठकीत सांगतो.

आणि केसपेपर फेकू नका गं. आजाराची वर्षं त्यावरूनच कळतात. ताईंच्या घरी चार वर्षांचे कागद चुलीत गेले होते. बाकीचे पत्र्याच्या पेटीत सापडले, ते नशीब.

पुन्हा तपासणीचा अर्ज केला. त्याआधी महिनाभर ताईंच्या लेकीनं वहीत लिहिलं: आज भाकरी कुणी केली, पाणी कुणी भरलं, आईनं अंघोळ केली की सांगावं लागलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘भांडी घासायला बसते अन् तशीच उठून जाते. भाकरी दोन वर्षं झाली मीच थापते, साहेब.’ ताई शेजारीच होत्या. त्यांनी सासूचा हात धरला.

या वेळी पन्नास टक्के आले. निराधारचा अर्ज तहसीलला दिलाय. समितीची बैठक कधी आहे ते विचारायला आम्ही सोमवारी जाणार आहोत.