‘ब्लॉकबस्टर’ : एका सामासिक शब्दाचे अर्थान्तर

‘ब्लॉकबस्टर’ हा इंग्रजी शब्द आज अफाट गल्ला जमवणाऱ्या चित्रपटाचा वाचक आहे. मराठी जाहिरातींतही तो त्याच अर्थाने रुळला आहे. रचनेच्या दृष्टीने तो आपल्या ‘लाचखाऊ’सारखा उपपद तत्पुरुष होय. ‘ब्लॉक’ म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा समूह, ‘बस्टर’ म्हणजे फोडणारा. मराठीत मात्र ‘ब्लॉक’ म्हणजे एका बिऱ्हाडाची स्वतंत्र जागा. त्यामुळे हा विग्रह आपल्याला सहसा सुचत नाही.

मुळात हा विग्रह अभिधेचाच होता. ब्रिटिश हवाई दलाने १९४१च्या वसंतात एम्डेन शहरावर ४,००० पौंडी बॉम्ब प्रथम टाकला. १९४२मध्ये वृत्तपत्रांतून त्याला हे नाव मिळाले. पातळ कवचाच्या या बॉम्बच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश वाटा स्फोटकाचा असे. स्फोटाच्या दाबाने छपरे उडावीत, खिडक्या फुटाव्यात आणि आगलाव्या बॉम्बना घरांत वाट मिळावी, हा त्यामागील हेतू.

रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून मम्मटाने ‘कुशल’ हा शब्द घेतला : कुश तोडणारा, म्हणून निपुण. विश्वनाथाला हे मान्य नव्हते. त्याच्या मते शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. हा न्याय ‘ब्लॉकबस्टर’ला लावून त्याचे मूळ बाजूला सारता येईल काय? येथे कालक्रम आडवा येतो. अमेरिकी चित्रपट-व्यवसायाच्या जाहिरातींत हा शब्द १९४३मध्येच अवतरला. त्याच वर्षी जुलैअखेरीस हॅम्बुर्गवरील हल्ल्यांत हे बॉम्ब पडत होते. तेथे तीस हजारांहून अधिक माणसे मेली. म्हणजे हे अर्थान्तर विस्मरणातून घडले नाही; वस्तू डोळ्यांसमोर असताना घडले. ते सुकर झाले याचे कारण समासातच आहे. त्यात फोडणारा आहे, फुटणारी वस्ती आहे. वस्तीतला माणूस नाही. ही विमानातून पाहणाऱ्याची भाषा आहे.

विस्मरण आले ते नंतर. तिकिटांची रांग ब्लॉकला वळसा घालते म्हणून ‘ब्लॉकबस्टर’, अशी लोकव्युत्पत्तीही तयार झाली. तिने मूळ अर्थाचा उरलासुरला दंश काढून टाकला.

ऑगस्ट २०१७च्या अखेरीस फ्रँकफुर्टमध्ये बांधकामाच्या जागी याच जातीचा एक न फुटलेला बॉम्ब सापडला. तो निकामी करण्यासाठी साठ हजारांहून अधिक रहिवाशांना एका दिवसापुरती घरे सोडावी लागली. कोशाने मागे टाकलेले व्युत्पत्तिनिमित्त तेथे जमिनीखाली शाबूत होते.