मंजिष्ठाने सांगितलेले हाडांचे गुपित

नातू झाडावरून पडतो, हात मोडतो. प्लास्टर चढते आणि दोन-तीन महिन्यांत स्वारी पुन्हा झाडावर! आजीचा झिजलेला गुडघा मात्र वर्षानुवर्षे कुरकुरत राहतो. हाड जुळते, मग सांध्यातली कूर्चा का भरून येत नाही? श्रोतेहो, या प्रश्नाच्या इतिहासातला एक धागा चक्क जेवणाच्या ताटापाशी सुरू होतो.

लंडनचे शल्यविशारद जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातले हाड लालभडक! चौकशी केली तेव्हा कळले, की रंगकामात वापरलेला, मंजिष्ठाचा रंग उतरलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात असे. १७३६ मध्ये बेल्चियर यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मंजिष्ठाचा रंग नव्याने साठणाऱ्या कॅल्शियमला चिकटतो. म्हणजे हाड ही निर्जीव काठी नव्हे. ते सतत घडत असते, हे डोळ्यांना दिसले.

पुढे फ्रान्सच्या दुहामेल द्यु माँसो यांनी जनावरांना मंजिष्ठ कधी दिले, कधी थांबवले. हाडात लाल-पांढरे थर आलटून पालटून उमटले. दुहामेल मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. त्यांना झाडाच्या खोडातली वर्तुळे आठवली. हाडावरचे पातळ वेष्टन झाडाच्या सालीखालच्या थरासारखे नवे हाड घडवते, असे त्यांनी मांडले. आज आपण जाणतो, की मोडल्या जागी रक्त साकळते, त्यात तात्पुरती कूर्चा तयार होते आणि तिचेच पुढे हाड बनते. या साऱ्या बांधकामाला रसद पुरवते ते रक्त.

सांध्यातल्या कूर्चेची अडचण इथेच आहे. तिला ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. पेशी मोजक्या, बाकी पाणी आणि चिवट तंतूंची जाळी. म्हणून ती धक्के मुकाट्याने सोसते. पण इजा झाली तर मदतीला कुणी धावत नाही. १७४३ मध्ये अवघ्या पंचविशीतल्या विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच सांगितले : हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्य जाणतात, की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही.

हा निकाल अडीचशे वर्षे टिकला. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांच्या गुडघ्यातल्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा तिथेच रोवल्याचे प्रसिद्ध केले. मर्यादित जखमेसाठी हा उपाय आहे. सबंध झिजलेल्या सांध्याला अजून कृत्रिम सांध्याचाच आधार घ्यावा लागतो.

मग आपल्या हाती काय? कूर्चेला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून. स्पंज दाबावा, सोडावा, तसा पावलागणिक तो द्रव आत-बाहेर होतो. तेव्हा डॉक्टर आजीला 'झेपेल तेवढे चालत राहा' म्हणतात, ते उगीच नाही.