करवंद की जांभूळ? जोतिबाच्या डोंगरावरचा कोणता रानमेवा जास्त पौष्टिक?

एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरहून जोतिबाला गेलात, तर गुलाल-खोबऱ्याच्या दुकानांसोबत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. रस्त्याच्या कडेला टोपलीत मांडलेली काळीभोर करवंदं. पाऊस जवळ आला की त्याच टोपल्यांमध्ये जांभळं दिसू लागतात.

नेमक्या याच दिवसांत मोबाइलवरही दोन दावे फिरायला लागतात. पहिला, ‘करवंदं खा, रक्त वाढवा.’ दुसरा, ‘जांभळं खा, शुगर पळवा.’ काही रील्समध्ये तर गोळ्यांची गरजच उरणार नाही असंही सांगितलं जातं. यात खरं किती? आणि दोघांमधून एक निवडायचं झालं तर कोणतं? समजून घेऊया.

दोन्ही फळं नेमकी कोणती?

करवंद म्हणजे ‘डोंगरची काळी मैना’. सह्याद्रीच्या उतारांवर, मुरमाड जमिनीत पाण्याशिवाय तग धरणारं हे काटेरी झुडूप. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते कण्हेरीच्या कुळातलं आहे, म्हणूनच फळ तोडलं की पांढरा चीक येतो. फळ मात्र खाण्याजोगं आहे.

जांभूळ हा मोठा वृक्ष. त्याचं कूळ पेरूचं आणि लवंगेचं. लवंग आणि जांभूळ तर एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळचे भाऊबंदच.

जोतिबाचा डोंगर, म्हणजे पन्हाळा तालुक्यातली वाडी रत्नागिरी, आणि आजूबाजूचा पन्हाळ्याचा परिसर या दोन्ही फळांना मानवतो. पण त्यांचा हंगाम वेगळा. चैत्र यात्रेच्या सुमारास करवंदं बहुतेक हिरवी असतात आणि लोणच्याला जातात. मे महिन्यात ती पिकतात. जांभूळ मेअखेर ते जून-जुलै. श्रावण षष्ठीच्या यात्रेपर्यंत दोन्ही संपलेली असतात. त्यामुळे दोन्ही टोपल्या शेजारी-शेजारी दिसतात त्या जेमतेम दोन-तीन आठवडे.

१०० ग्रॅममध्ये काय मिळतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांच्या जुन्या आणि सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तक्त्यानुसार ताज्या फळाचे आकडे असे:

करवंद (ताजं)
- ऊर्जा: ४२ किलोकॅलरी
- पाणी: ९१ टक्के
- कर्बोदकं: २.९ ग्रॅम
- स्निग्धांश: २.९ ग्रॅम
- प्रथिनं: १.१ ग्रॅम
- तंतू: १.५ ग्रॅम
- कॅल्शियम: २१ मिलिग्रॅम

जांभूळ
- ऊर्जा: ६२ किलोकॅलरी
- पाणी: सुमारे ८४ टक्के
- कर्बोदकं: १४ ग्रॅम
- स्निग्धांश: ०.३ ग्रॅम
- प्रथिनं: ०.७ ग्रॅम
- तंतू: ०.९ ग्रॅम
- कॅल्शियम: १५ मिलिग्रॅम

म्हणजे कागदावर करवंद थोडं पुढे. कॅलरी कमी, तंतू जास्त. मात्र पूर्ण पिकलेल्या गोड करवंदात साखर यापेक्षा जास्त असणार, हे चवीवरूनच कळतं.

तुलनेसाठी केळं घ्या. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम केळ्यात ११६ किलोकॅलरी आणि २७ ग्रॅम कर्बोदकं आहेत. त्यामुळे वजन सांभाळणाऱ्यांसाठी दोन्ही रानफळं हलकीच म्हणायची.

व्हिटॅमिन सी? जांभळात ते १८ मिलिग्रॅम आहे. वाईट नाही, पण पेरूत तेच २१२ मिलिग्रॅम आहे.

दावा पहिला: करवंदाने रक्त वाढतं

हा प्रश्न साधा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. म्हणजे दर दोघींमागे एकीपेक्षा जास्त.

मग करवंदात लोह किती? रील्समध्ये आकडा येतो ३९ मिलिग्रॅमचा. आकडा खोटा नाही. तो राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यातलाच आहे. पण तो वाळवलेल्या करवंदाचा आहे. त्यात पाणी फक्त १८ टक्के असतं. टोपलीतल्या ताज्या करवंदात ९१ टक्के पाणी असतं.

साधं गणित करूया. १०० ग्रॅम वाळलेल्या करवंदात पाणी सोडून उरतं सुमारे ८२ ग्रॅम. ताज्यात उरतं ९ ग्रॅम. म्हणजे ताज्या फळात लोह साधारण नवव्या हिश्शाएवढं, ढोबळमानाने ४ मिलिग्रॅमच्या आसपास. २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ महिलेला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शिवाय वनस्पतीतून मिळणाऱ्या लोहापैकी थोडाच भाग शरीर शोषून घेतं.

तेव्हा करवंदाने आहारातल्या लोहात भर पडते, पण हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळीची जागा ते घेऊ शकत नाही.

दावा दुसरा: जांभळाने मधुमेह बरा होतो

आयुर्वेदात जांभळाच्या बीचा वापर पूर्वीपासून आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बीच्या अर्काने रक्तातली साखर कमी झाल्याचे निष्कर्षही आहेत. पण माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. ब्राझीलमध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन चाचणी घेतली गेली. त्यात साखर कमी झाली नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. संशोधन असतं बीच्या अर्कावर आणि आपण खातो गर. गरात १४ ग्रॅम कर्बोदकं आहेतच. मधुमेह असलेल्यांनी मोजून एक छोटी वाटी जांभळं खायला सहसा हरकत नसते. आंबा किंवा केळ्यापेक्षा हा पर्याय हलका आहे. पण हे औषध आहे असं समजून पाव-अर्धा किलो खाल्लं, तर साखर वाढेल.

बियांच्या पावडरीचा धोका वेगळा. डॉक्टरांची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना न सांगता पावडरही सुरू केली, तर साखर खूप खाली जाण्याची शक्यता राहते. आणि पावडरीच्या भरवशावर गोळी बंद केली, तर साखर लक्षात न येता वाढत राहते. डोळे, किडनी, पाय यांच्यावरचे परिणाम दिसायला वर्षं लागतात आणि तोवर उशीर झालेला असतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे असा एक चुकीचा फॉरवर्डही महागात पडू शकतो.

मग या फळांचा खरा फायदा काय?

जीभ जांभळी करणारा रंग. तो अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो आणि दोन्ही फळांत असतो. ही अँटिऑक्सिडंट गटातली द्रव्यं आहेत. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून त्याची जेली छान जमते. जांभळाचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो.

पण फायदा मिळतो तो ताज्या फळाचा. केकवर किंवा पानात लावलेली लालभडक ‘चेरी’ अनेकदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. त्यात उरते मुख्यतः साखर.

खाताना काय लक्षात ठेवायचं?

- करवंदं पाण्यात थोडा वेळ ठेवून चीक धुऊन घ्या. घसा लवकर धरत असेल, तर कच्ची खाऊ नका.
- ब्लड प्रेशर असेल तर करवंदाचं लोणचं बेताने खा. अडचण करवंदाची नाही, मिठाची आहे.
- लोहाची गोळी घेत असाल, तर लगेच चहा किंवा जांभळं नकोत. टॅनिनमुळे लोहाचं शोषण कमी होतं.
- जांभळाचं बाटलीबंद सरबत मधुमेहींसाठी ‘सेफ’ समजू नका. लेबलवर साखर किती आहे ते वाचा.
- लहान मुलांना जांभूळ बी काढूनच द्या.

थोडक्यात

कमी कॅलरी, जास्त तंतू आणि थोडं लोह हवं असेल तर करवंद. गोड खाण्याची हौस भागवून केळ्या-आंब्यापेक्षा कमी कर्बोदकं हवी असतील तर जांभूळ. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळं खायला सांगते. हंगामात त्यात या दोघांपैकी जे मिळेल ते बसवा.

निवड करायची ती फळांमध्ये. फळ की गोळी, हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या.