हृदयाचा प्रतिध्वनी

दिल्लीच्या सरोजिनी नगरातून रिंग रोडने पूर्वेकडे निघाले, की प्रथम सफदरजंग रुग्णालय लागते आणि चौक ओलांडला म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. सरोजिनी नगर ही मुळात सरकारी नोकरांची वसाहत. तिचे पूर्वीचे नाव विनयनगर. सफदरजंग रुग्णालय दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सैनिकांसाठी उभारले गेले, तर आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे या दोन्ही रुग्णालयांच्या दारांशी कागदांची पुडकी सांभाळीत बसलेली असतात. हृदयरोग्याच्या पुडक्यात एक कागद हटकून सापडतो. त्याला सारेजण ‘इको’ म्हणतात. इको म्हणजे प्रतिध्वनी. प्रतिध्वनीवरून हृदयाचे चित्र रेखाटणारी ही विद्या कशी जन्मास आली आणि तिचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने स्टेथॉस्कोप शोधून काढला, तेव्हापासून हृदयाचे बोलणे कानांना ऐकू येऊ लागले; पण डोळ्यांना ते दिसत नव्हते. ही उणीव १९४८ सालानंतर तीव्रतेने जाणवू लागली. त्या वर्षी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन या शल्यवैद्यांनी हृदयाची आकसलेली द्विदल झडप मोकळी करून दाखविली. झडप आकसलेली असेल, तर शस्त्रक्रियेने रोग्याला जीवदान मिळे. तीच झडप गळकी असेल, तर त्या शस्त्रक्रियेने त्याचे भले होण्यासारखे नव्हते. तेव्हा छाती उघडण्यापूर्वीच दोष नेमका ओळखणे अगत्याचे झाले.

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञापुढे हाच प्रश्न उभा होता. त्याने हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाला गाठले. धातूतील अदृश्य भेगा श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या अतिसूक्ष्म ध्वनिलहरींनी शोधण्याचे यंत्र माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात असल्याचे हर्ट्झला ठाऊक होते. ते यंत्र उसने आणून त्याने स्वतःच्याच छातीला लावून पाहिले आणि पडद्यावर हलणारा प्रतिध्वनी उमटला! पुढे २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख नोंदविला. गंमत अशी, की आलेखातील ज्या रेषेला एडलर हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत समजत होता, ती वास्तविक द्विदल झडपेच्या पाकळीची रेषा होती. मृत रोग्यांच्या हृदयांची तपासणी केल्यावर ही चूक त्याच्या ध्यानी आली. त्या चुकीतूनच विद्येचा पाया पक्का झाला, कारण त्याला जे पाहावयाचे होते, नेमके तेच त्याच्या हाती आले होते.

आरंभीचा आलेख ही केवळ एक नागमोडी रेघ होती. १९६० नंतर अमेरिकेत हार्वे फायगेनबाउम याने या पद्धतीने हृदयावरणात साठलेले पाणी ओळखले आणि तिच्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. पुढच्या दशकात रेघेची जागा हलत्या चित्राने घेतली. ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना डॉपलर याने १८४२ साली मांडलेला सिद्धान्त रक्ताच्या वेगाला लागू करण्यात आला. वेगावरून झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक काढता येतो, हे नॉर्वेच्या लिव्ह हाटले आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यामुळे ज्या मापासाठी हृदयात नळी घालावी लागे, ते छातीवरून मिळू लागले. १९८० नंतर जपानी संशोधकांनी वाहत्या रक्तास रंग दिला, आणि गळकी झडप नुसत्या दृष्टीस कळू लागली.

भारतात या साऱ्याला निराळेच महत्त्व आहे. घशाच्या जंतुसंसर्गातून उद्भवणारा संधिज्वर मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवितो. पाश्चात्त्य देशांत झडप आकसण्यास बहुधा कित्येक वर्षे लागत. आपल्याकडे मात्र विशीच्या आतच ती आकसते, असे आयुर्विज्ञान संस्थेतील सुजय रॉय, रामलिंगस्वामी आदी संशोधकांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले. अशा रोग्यांसाठी जपानच्या कांजी इनूए याने १९८४ साली फुग्याने झडप रुंदावण्याची पद्धत जगापुढे मांडली. तीत छाती उघडावी लागत नाही. परंतु कोणती झडप फुग्याला दाद देईल, हे प्रतिध्वनीच सांगतो. झडपेची हालचाल, जाडी, तीत साठलेला चुना आणि तिच्या खालच्या दोऱ्यांची स्थिती या चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ वा त्याहून कमी असेल, तर यशाची आशा अधिक.

तथापि सर्वांत विचारप्रवर्तक कहाणी दिल्लीजवळच्या बल्लभगढची. आयुर्विज्ञान संस्थेतील अनिता सक्सेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ५ ते १५ वर्षांच्या ६,२७० शाळकरी मुलांची तपासणी केली आणि २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कानाच्या तपासणीने दर हजारी एक मूलही धड सापडले नाही; प्रतिध्वनीने मात्र हजारी २० मुलांच्या झडपांत दोष दाखविला. ही मुले खेळत-बागडत होती आणि त्यांच्या आईबापांना शंकाही आली नव्हती. लेनेकच्या नळीला जे दोनशे वर्षे ऐकू आले नाही, ते पडद्यावर दिसले.

मग प्रश्न पडला, की अशा दोषाचे करावयाचे काय? कारण यांतील काही दोष आपोआप नाहीसेही होतात. युगांडातील ८१८ मुलांवरील प्रयोगाने २०२२ साली त्याचे उत्तर दिले. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपैकी शेकडा एकाहून कमी जणांचा दोष दोन वर्षांत बळावला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा आठाहून अधिक होते. उपाय जुना आहे, स्वस्त आहे. अवघड आहे ते वेळेवर पाहणे, आणि पाहिल्यावर त्या मुलापर्यंत दर महिन्यास न चुकता पोहोचणे.

जहाजाच्या पोलादातील भेग शोधणारे यंत्र माणसाच्या हृदयापर्यंत आले, त्याला आता सत्तर वर्षे उलटली. रिंग रोडवरच्या रुग्णालयाच्या दाराशी दम लागून बसलेला तरुण त्या यंत्रापर्यंत पोहोचतो खरा; पण तोवर त्याची झडप आकसलेली असते. त्याच्या शाळेच्या दिवसांतच ते यंत्र त्याच्यापर्यंत पोहोचले असते, तर त्याला दिल्लीची वाट कदाचित धरावीच लागली नसती.