माथेरानचा विसावा आणि वार्धक्य

माथेरानच्या इतिहासात विश्रांती आणि वाहतूक या दोन गोष्टी कधीच वेगळ्या करता येत नाहीत, कारण हे गिरिस्थान थकल्याभागल्यांसाठी वसवले गेले असले, तरी तेथवर पोहोचण्याचे आणि तेथे हिंडण्याफिरण्याचे कष्ट दीर्घकाळ दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर राहिले. या डोंगरावर निवृत्तीचे आयुष्य घालवणाऱ्या वृद्ध दाम्पत्यांच्या वर्षारंभीच्या आशा आणि चिंता समजून घ्यायच्या, तर हा संबंध आधी लक्षात घ्यावा लागतो.

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे 1850 मध्ये चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले, तेव्हा धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा या परिसरात वावर होताच. त्यामुळे माथेरानचा ‘शोध’ हा ब्रिटिश राजवटीपुरताच खरा मानावा लागतो. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या उत्तेजनाने पुढे येथे बंगले व रस्ते झाले. 1856 मध्ये लोहमार्ग नेरळवरून पुढे गेल्यावर मुंबईकरांचा प्रवास सोपा झाला, परंतु नेरळपासूनची चढण तट्टूवर, पालखीत किंवा माणसांनी उचललेल्या खुर्चीतूनच पार करावी लागे. आजारी व वृद्ध पाहुण्यांना हवापालट लाभे, तो या भोयांच्या, म्हणजे पालखी वाहणाऱ्यांच्या, श्रमावर.

हे ओझे काही अंशी हलके केले ते मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने 1904 मध्ये काम सुरू होऊन मार्च 1907 मध्ये नेरळ–माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांवरची अरुंदमापी गाडी धावू लागली. मात्र स्थानकापासून घरापर्यंतचा प्रश्न शिल्लक राहिला. तो हातरिक्षाने, म्हणजे एकाने पुढून ओढायच्या आणि इतरांनी मागून ढकलायच्या गाडीने, भागवला. लाल मातीच्या चढउतारावर ही गाडी चढताना जेवढी जड, उतरताना तेवढीच आवरायला अवघड होई.

पाहुण्यांचे नवे वर्ष 31 डिसेंबरच्या गर्दीत सुरू होते. स्थानिकांचे वर्ष मात्र पावसावर बेतलेले आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळहून येणारी गाडी बंद असते, म्हणून त्याआधी आगोट भरण्याची, अर्थात पावसाळ्यासाठी धान्य, सरपण आणि मीठमसाल्याची बेगमी करण्याची, रीत पडली. उतारवयातील जोडप्याच्या दृष्टीने जानेवारी हा या दोन्ही वर्षांच्या मधला, हिशेब मांडण्याचा काळ ठरतो: हंगामाची मिळकत किती उरेल, छपराची डागडुजी निभेल का, आणि दोघांपैकी एक अंथरुणाला खिळले तर दुसऱ्याने काय करायचे. 2003 च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले व रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी यांखेरीज मोटारींना मज्जाव राहिला. त्यामुळे जंगल वाचले, हवा स्वच्छ राहिली. पण नेहमीच्या तपासणीसाठी कर्जत किंवा मुंबई गाठायची, तर मोटारींची हद्द जेथे संपते त्या दस्तुरी नाक्यापर्यंतची वाट दुखऱ्या गुडघ्यांना आजही लांबच वाटते. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा 2019 मध्ये रेल्वेमार्ग वाहून गेला, तेव्हा ही चिंता अधिकच वाढली. दुसऱ्या खेपेस संपूर्ण मार्ग ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ववत झाला.

वर्षारंभाला येथे आणखी एक अर्थ आहे. माथेरानमध्येच 1912 साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. ‘आझाद दस्ता’ या ब्रिटिशविरोधी भूमिगत गटाच्या या नायकाने वकिली करता करता गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या होत्या. अडचणीच्या दिवसांत दुर्बळाने सावकाराच्या दारी जाऊ नये, हा त्यांमागचा विचार या डोंगरावरील म्हाताऱ्यांच्या प्रश्नालाही लागू पडतो.

म्हणूनच 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेला बाधक प्रथा ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा जो आदेश दिला, तो या इतिहासातील निर्णायक टप्पा आहे. 2026 च्या वर्षारंभी ही मुदत सरत आली असताना दोन प्रकारच्या वार्धक्याचे भवितव्य एकाच निर्णयाला बांधले गेले होते: दवाखान्यापर्यंत विनासायास जाऊ पाहणाऱ्या निवृत्तांचे, आणि आयुष्यभर गाडी ओढूनही ज्यांच्या वाट्याला ना निवृत्तिवेतन आले ना विसावा, अशा श्रमिकांचे. ई-रिक्षाची चावी याच श्रमिकांच्या हाती पडली आणि वृद्ध रहिवाशांना तिचे भाडे परवडले, तरच माथेरान आपल्या मूळ हेतूला, सर्वांच्या विसाव्याला, प्रथमच जागेल.