तंजावरचा रथ आणि सायकलची रिम

आपल्या या गप्पांमध्ये राजे, किल्ले आणि लढाया नेहमीच येतात. आजचा विषय थोडा वेगळा आहे. सायकलच्या चाकाची रिम.

काही सायकलस्वार तयार चाक घेत नाहीत. हब, आरे आणि रिम वेगवेगळे निवडतात आणि चाक हाताने बांधून घेतात. रिम निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वजन किती?" पण चाकाच्या इतिहासात त्याहून जुना एक प्रश्न आहे. हे चाक थांबणार कसं? तो नीट समजून घ्यायचा तर सायकलपासून जरा लांब, तंजावरला जावं लागेल.

तंजावर आपल्याला परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा मोठा मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात तो कोरला गेला. शहरातल्या चार मुख्य रस्त्यांना राजवीथी म्हणतात. देवाचा रथ याच रस्त्यांवरून फिरतो. रथाला तमिळमध्ये 'तेर' म्हणतात.

जुन्या तेरचं चाक बघितलंत तर त्यात आरे दिसत नाहीत. जाड लाकडं जोडून केलेली भरीव तबकडी आणि तिच्याभोवती लोखंडाची पट्टी. आपल्या बैलगाडीच्या चाकावर असते ती धाव, तसलीच. वर नक्षीकामाने भरलेला लाकडी डोलारा, त्यावर बांबू आणि कापडाचं शिखर. एवढं ओझं घेऊन चाक गोल राहायचं तर ते भरीवच हवं. हलकं चाक तिथे चाललंच नसतं.

पण या चाकाला ब्रेक नव्हता, आणि पुढची चाकं वळवायची सोयही नव्हती. मग रथ थांबवायचा कसा? कोपऱ्यावर वळवायचा कसा? त्यासाठी रथाच्या चाकांजवळ माणसं चालत. त्यांच्या हातात लाकडी पाचरीसारखे ठोकळे असत. रथ उजवीकडे न्यायचा असेल तर ठोकळा अशा बेताने चाकाखाली सरकवायचा की चाक त्यावर घासत हळूहळू दिशा बदलेल. थांबवायचा असेल तर ठोकळा सरळ चाकापुढे टाकायचा आणि हात मागे घ्यायचा. या ठोकळ्याला तमिळमध्ये 'मुट्टुक्कट्टै' म्हणतात. आपण 'कामात खीळ घातली' म्हणतो, त्या अर्थाने तमिळ माणूस आजही हा शब्द वापरतो. हात मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला तर काय होत असेल, ते सांगायला नको.

अशा चाकाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागे. भरीव लाकडी चाक आणि त्याचा घासत फिरणारा आस ओढायला माणसं फार लागत. सगळीच भक्तीने येत नसत. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या हुकमाने गावोगावचे लोक रथ ओढायला आणले जात. कंपनीने देवळांच्या कारभारात असं गुंतावं का, यावरून १८३० च्या दशकात मोठा वाद झाला. मद्रासच्या फौजेचे सरसेनापती सर पेरेग्रीन मेटलंड यांनी त्याच वादात १८३८ मध्ये पद सोडलं. त्यांचा आक्षेप ख्रिस्ती धर्माच्या बाजूने होता, हे खरं. पण रथाच्या दोराला जबरदस्तीने जुंपलेला शेतकरीही त्या वादामुळे कागदावर आला.

तंजावरहून पूर्वेला तिरुवारूर आहे. हाही पूर्वी तंजावरच्याच राज्याचा भाग. तिथला 'आळित्तेर' सजवल्यावर सुमारे ९६ फूट उंच होतो आणि त्याचं वजन सुमारे ३०० टन सांगतात. या रथाला आज लोखंडी चाकं आहेत आणि तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने बसवलेले हायड्रॉलिक ब्रेक आहेत. खुद्द तंजावरच्या मोठ्या मंदिराचा नवा रथ २०१५ च्या एप्रिलमध्ये, सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर, राजवीथीवर आला. चाकं सुधारली, ब्रेक आले, तरी ठोकळे घेऊन चालणारी माणसं रथाबरोबर असतातच.

आता हाच प्रश्न घेऊन सायकलकडे येऊ.

रथाचं चाक लाकडावर उभं असतं. सायकलचं चाक मात्र तारांनी ताणलेलं असतं. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये आरे हबला तिरपे जोडण्याची पद्धत आणली. तीच आपण आजही वापरतो. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेक आरा सुमारे १०० किलोच्या ओढीने ताणलेला असतो. ३२ आरे धरले तर तीन टनांहून जास्त ओढ रिमला चहूबाजूंनी आत खेचते. ते सोसणं हे रिमचं पहिलं काम. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, तेव्हा टायर धरून ठेवणं हे दुसरं काम आलं. तिसरं काम म्हणजे ब्रेकचं घर्षण सोसणं. रिमचे निरनिराळे घाट झाले ते मुख्यतः या तिसऱ्या कामामुळे.

आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. २८ इंची चाकं, पुढे ३२ आरे, मागे ४०, आणि दांड्यांचे ब्रेक. मूठ दाबली की रबराचे तुकडे वर उचलले जाऊन रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबकडच्या बाजूला, दाबले जात. त्यासाठी रिमही खास, दोन्ही खांदे गोलसर असलेली. तिला वेस्टवुड रिम म्हणतात. मागे दुधाचे कॅन किंवा केळीच्या पानांचे भारे लादलेली सायकल खड्ड्यात आदळून चाक थोडं वाकडं झालं तरी हा ब्रेक चालत राही. कावेरीच्या सपाट खोऱ्यात हा हिशेब बरोबर होता. पण चकचकीत मुलाम्याची पोलादी रिम पावसात भिजली की रबर घसरे. उतारावर ते जिवावर बेतू शकत होतं.

पुढे सपाट बाजूंची एंड्रिक रिम आली. तिला ब्रेक दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडतो. पकड सुधारली, पण चाक वाकडं असून चालेना. सायकलच्या दुकानात 'आऊट काढणं' म्हणतात, त्या कामाला खरी किंमत इथे आली.

ट्रॅकची गोष्ट वेगळी. वेलोड्रोमवरच्या सायकलला ब्रेकच नसतो. एकच गिअर, फिरत्या चाकाशी कायमचा जोडलेला. वेग आवरायचा तो पायांनी. रिमला घर्षण सोसायचं नाही, म्हणून ट्रॅकवर लाकडी रिम विसाव्या शतकातही बराच काळ टिकल्या. हलक्या आणि हादरा पचवणाऱ्या.

शर्यतीच्या रस्त्यावर मात्र भांडण झालं. घाट उतरताना ब्रेकने धातूची रिम तापेल, टायर चिकटवलेला गोंद वितळेल आणि टायर निसटेल, ही भीती होती. म्हणून टूर द फ्रान्सच्या चालकांचा लाकडावर भर होता. १९३४ ची टूर आन्तोनँ मान्य याने जिंकली. त्याच्या ड्युरल्युमिनच्या रिमला लाकडाचा रंग दिला होता, असं ती बनवणारी मॅव्हिक कंपनी सांगते. रंगामागे लपलेली ती धातूची रिमच पुढे सगळ्या रस्त्यांवर आली. गोंदाची भीती मात्र खोटी नव्हती. आज कार्बनच्या रिमवर लांब उतारात रबरी ब्रेक धरून ठेवला तर तीच उष्णता पुन्हा अडचण करते.

तर मंडळी, रिम निवडताना वजनाआधी ब्रेक बघा. रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर तिची बाजू जाड आणि सपाट हवी. ती बाजू दर पावसाळ्यात झिजते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा टिंब असतं. ते नाहीसं झालं की रिम बदलायची, कारण पातळ झालेली कड टायरच्या हवेने फुटू शकते. डिस्क ब्रेक असेल तर हे काम हबजवळच्या चकतीकडे जातं आणि रिम मोकळी होते. तिथे मग वजनाचा विचार जरूर करा. आणि ट्रॅकसाठीच बनवलेली, ब्रेकची बाजू नसलेली रिम हलकी आहे म्हणून रस्त्यावरच्या सायकलला कधीच लावू नका.

कधी तंजावरच्या राजवीथीवर तेर बघायला मिळाला, तर सगळ्यांच्या नजरा शिखराकडे लागलेल्या असतील. तुम्ही थोडा वेळ चाकाजवळ ठोकळा घेऊन वाकलेल्या माणसाच्या हातांकडे बघा. सायकलवर तेच काम तुमची रिम करते.