मगनवाडीचे सोयाबीन

दूध ज्याला परवडत नाही, त्या खेडुताच्या अंगात बळ यावे कशाने? १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींना हा प्रश्न सतावत होता. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या बागेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ नुकताच स्थिरावला होता, जे. सी. कुमारप्पा त्याचा कारभार पाहत होते, आणि हातसडीचे तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ, कच्चा पाला यांची पारख जेवणाच्या पंगतीतच होई. त्याच पंगतीत सोयाबीन आले.

या दाण्याची वाट शोधत आपण मागे गेलो, तर चीनपर्यंत पोचतो. हिमालयाच्या कुशीतही तो जुनाच आहे; कुमाऊँत त्याचे ‘भट’ शिजते, नागालँडात तो आंबवून ‘अखुनी’ करतात. मराठी माणसाशी त्याची गाठ पडली ती मात्र बडोद्यात. नाशिककडच्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांच्या त्या संस्थानात एफ. एस. काळे हे अधिकारी सोयाबीनचा पाठपुरावा करीत होते. १९३६ साली त्यांचा जाडजूड इंग्रजी ग्रंथच निघाला. विनोबांचे वडील नरहरी भावे तिथेच राहत. आहाराचे प्रयोग स्वतःवर करणाऱ्या या गृहस्थांनी आपला सोयाबीनचा अनुभव गांधीजींना कळवला, आणि तो त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात आला. काळे आणि भावे ही दोन्ही नावे आपण विसरलो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यांचा विश्वास निराधार नव्हता. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण ३६ ते ४३ ग्रॅम प्रथिने आणि वीसच्या आसपास तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिने बावीसच्या घरात. पण कच्च्या दाण्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते. शिजवल्याखेरीज सोयाबीन अंगी लागत नाही, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच उंदरांवर दाखवले होते. म्हणूनच ते भिजवून नीट शिजवावे लागते.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. शिवारात मात्र सोयाबीन आले नाही; तिथे कापूस आणि ज्वारीच राहिली. पुढे १९६७ मध्ये सोयाबीनच्या संशोधनाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला, आणि १९९४ मध्ये जबलपूरचे जेएस ३३५ हे वाण प्रसारित झाले. सुमारे शंभर दिवसांत हाती येणारे, मागे हरभऱ्याला रान मोकळे करून देणारे हे पीक विदर्भाने उचलून धरले, आणि त्याने ज्वारीची जागा खाल्ली. घरच्या भाकरीचे धान्य आक्रसत गेले.

आज वर्ध्याच्या शेतकऱ्याचे सोयाबीन बाजार समितीतून तेल गिरणीत जाते. तेल शहरात, प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याची एखादी ओंजळ गव्हाबरोबर दळायला पडते, तीही सगळ्याच घरांत नाही.